पशुवैद्यक व पशुविज्ञान शाखेतील विद्यार्थी-नवकल्पना स्पर्धा : स्वरूप, पुरावा आणि परीक्षण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील विद्यापीठीय विद्यार्थ्यांमध्ये संशोधनवृत्ती रुजावी या हेतूने २००६ साली कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने 'आविष्कार' हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन सुरू झाले. त्यातील सहा विभागांपैकी एक विभाग 'कृषी व पशुसंवर्धन' असा आहे. पशुसंवर्धनाला येथे कृषीच्या जोडीने का होईना, स्थान मिळाले ही समाधानाची बाब होय. मात्र या रचनेचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. राज्यातील पशुवैद्यक महाविद्यालये २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील महाविद्यालये व अकोल्याची पदव्युत्तर संस्था ही त्यांपैकी प्रमुख. इतर बहुतेक विद्यापीठांत पशुवैद्यक विद्याशाखाच नाही. साहजिकच त्या विद्यापीठांतून पशुविषयक प्रकल्प येतात ते प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, औषधनिर्माण किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून. त्यांचे मार्गदर्शक आपापल्या विषयात निष्णात असतात. पण गाय गाभण आहे की नाही हे हाताने तपासण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलेला नसतो.

पशुविज्ञानातील नवकल्पना सभागृहात मांडली जाते आणि गोठ्यात पारखली जाते. या दोन ठिकाणांमध्ये बरेच अंतर आहे. स्पर्धेची नियमावली, गुणदान आणि वेळापत्रक ही सभागृहाच्या सोयीने बेतलेली असतात. त्यामुळे पुष्कळदा पारितोषिक एका गोष्टीला मिळते आणि गरज दुसऱ्याच गोष्टीची असते. विद्यार्थ्याला अशा स्पर्धेसाठी तयार करणाऱ्या प्राध्यापकाने, विशेषतः पशुवैद्यक नसलेल्या प्राध्यापकाने, कोणत्या बाबी जाणून घ्याव्यात याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्पर्धांचे स्वरूप

अशा स्पर्धांचे आज साधारणपणे तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार संशोधन-संमेलनाचा. 'आविष्कार' या प्रकारात मोडते. पदवी, पदव्युत्तर व त्यापुढील स्तरांवर विद्यार्थी आपले काम भित्तिपत्रकाच्या आणि तोंडी सादरीकरणाच्या रूपाने मांडतात. महाविद्यालय वा जिल्हा, विद्यापीठ आणि राज्य अशा पायऱ्यांनी निवड होते. येथे काम आधी झालेले असावे अशी अपेक्षा असते.

दुसरा प्रकार 'हॅकॅथॉन'चा. ठरावीक वेळेत, बहुधा दोन-तीन दिवसांत, निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांच्या संघाने दिलेल्या समस्येवर तोडगा काढावयाचा असतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २०१७ साली केवळ पशुआरोग्य या विषयाला वाहिलेली अशी स्पर्धा सुरू केली. तीत पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांबरोबर अभियांत्रिकीचे व व्यवस्थापनाचे विद्यार्थी एका संघात बसतात, हे तिचे विशेष. भारतात त्याच वर्षी 'स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन' सुरू झाली. तीत केंद्र शासनाची मंत्रालये समस्या देतात. २०२५ च्या समस्यांमध्ये गायी-म्हशींची जात छायाचित्रावरून ओळखण्याची प्रणाली तयार करण्याची समस्या होती. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

तिसरा प्रकार नवउद्योगांसाठीच्या आव्हान-स्पर्धांचा. तो केवळ विद्यार्थ्यांसाठी नसतो, पण स्पर्धेतून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे जातो तो याच वाटेने. केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने 'स्टार्टअप इंडिया'च्या सहकार्याने सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरा येथे पहिले पशुसंवर्धन आव्हान जाहीर केले. त्यात सहा समस्या होत्या व प्रत्येक समस्येसाठी विजेत्याला १० लाख आणि उपविजेत्याला ७ लाख रुपये असे अनुदान ठेवले होते. दुसऱ्या आवृत्तीत माज ओळखण्याची व गर्भनिदानाची साधने, जनावरांची स्वस्त ओळखपद्धती, रेतमात्रांची साठवण अशा समस्या पुढे आल्या. या यादीकडे पाहिले तरी विद्यार्थ्याला विषय शोधण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही.

साधी साधने, मोठे काम

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत अलीकडे गळ्यात बांधावयाच्या संवेदक पट्ट्यांची गर्दी झालेली आढळते. पट्टा जनावराच्या हालचाली मोजतो, भ्रमणध्वनीवर संदेश धाडतो आणि परीक्षकांपुढे आकर्षक आलेख उमटतो. (प्रदर्शनात हा पट्टा कधी बिघडत नाही, याचे एक कारण असे की तेथे तो गायीच्या गळ्यात नसतो.) अशा साधनांना उपयोग नाही असे मुळीच नाही. मोठ्या गोठ्यांत त्यांनी आपली जागा मिळवलेली आहे. पण दोन-तीन जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबात माज ओळखण्याचे काम सकाळ-संध्याकाळ धार काढणारी व्यक्ती करीत असते. त्या कुटुंबाला पट्ट्याची किंमत आणि एक माज चुकल्याने होणारे नुकसान यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा लागतो. शिवाय म्हशीत, त्यातही उन्हाळ्यात, मुका माज ही नेहमीची अडचण. संकरित गायींवर बेतलेले गणित म्हशीला जसेच्या तसे लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही.

पशुवैद्यकाच्या इतिहासात ज्या नवकल्पनांनी खरोखर काम केले, त्यांपैकी काही आश्चर्य वाटावे इतक्या साध्या आहेत. १९५७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात शाल्म व नूरलँडर यांनी विकसित केलेली कासदाहाची चाचणी हे त्याचे ठळक उदाहरण. चार वाट्यांची एक प्लॅस्टिकची थाळी. प्रत्येक सडाचे थोडे दूध एकेका वाटीत. त्यात तेवढेच प्रक्षालकयुक्त द्रावण. सुप्त कासदाहात दुधातील पेशींची संख्या वाढलेली असते. द्रावणामुळे त्या पेशी फुटून त्यांतील केंद्रकाम्ल मोकळे होते आणि मिश्रण चिकट, लिबलिबीत बनते. किती चिकट झाले हे डोळ्यांनीच ठरवावयाचे. ना वीज, ना यंत्र. दूध दिसावयास चांगले असताना आत रोग चालू आहे, हे पशुपालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. या चाचणीचे निम्मे यश या दिसण्यात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील. मेंढ्या-शेळ्यांच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषणाऱ्या 'हिमाँकस' या जंताने तेथे जंतनाशकांना दाद देणे सोडले होते. सर्व कळपाला वारंवार औषध पाजल्याने प्रतिकारक्षम जंतच तेवढे उरत आणि वाढत. फ्रँस्वा मलान, यान व्हॅन वाइक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एक रंगतक्ता तयार केला. मेंढीची खालची पापणी उलटून आतील त्वचेचा रंग पाच छटांशी ताडून पाहावयाचा. लालसर असेल तर औषध नाही, फिकट असेल तर औषध. मलान यांच्या नावावरूनच तो 'फामाचा' तक्ता म्हणून ओळखला जातो. कळपातील थोड्याच जनावरांच्या पोटात बहुसंख्य जंत असतात, हे निरीक्षण त्यामागे आहे. ज्यांना गरज त्यांनाच औषध दिल्याने खर्च वाचतो आणि जंतनाशकाची धारही टिकते. हा तक्ता म्हणजे पुठ्ठ्याचा एक तुकडा. पण रंगछटा नेमक्या ठरविण्यासाठी आणि त्या रक्ताच्या तपासणीशी पडताळून पाहण्यासाठी लागलेले कष्ट त्या पुठ्ठ्यावर दिसत नाहीत. स्पर्धेच्या परीक्षकाला साधन साधे वाटले म्हणून काम साधे होते, असा समज होण्याचा धोका येथे असतो.

तिसरे उदाहरण तर विद्यार्थिदशेतील संशोधनाचेच आहे. गायीच्या गुदमार्गातून हात घालून गर्भाशय तपासण्याचे कौशल्य पशुवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावे लागते. अडचण अशी की विद्यार्थ्याचा हात आत कशाला स्पर्श करीत आहे हे शिक्षकाला दिसत नाही आणि शिक्षक सांगतो ते विद्यार्थ्याला आत सापडत नाही. दरम्यान गाय मात्र ताटकळत उभी. ब्रिटनमधील पशुवैद्यक सारा बेली यांनी ग्लासगो विद्यापीठात संगणकशास्त्राच्या विद्यावाचस्पती पदवीसाठी संशोधन करीत असताना स्पर्शाचा आभास निर्माण करणारी कृत्रिम गाय तयार केली. विद्यार्थ्याच्या बोटाला यंत्राद्वारे गर्भाशयाचा, बीजांडकोशाचा स्पर्श जाणवतो आणि बोट नेमके कोठे आहे ते शिक्षकाला पडद्यावर दिसते. बेली एवढ्यावर थांबल्या नाहीत. यंत्रावर शिकलेल्या आणि न शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या गटांची त्यांनी प्रत्यक्ष गायींवर परीक्षा घेतली. यंत्रावर शिकलेल्यांना गर्भाशय शोधणे लक्षणीयरीत्या अधिक जमले. यंत्र 'चालते' हे दाखविणे आणि यंत्रामुळे शिकणे सुधारते हे दाखविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थी-स्पर्धांतील बहुतेक सादरीकरणे पहिल्या पायरीवर संपतात.

पुराव्याचा प्रश्न

गव्हाच्या दाण्यांवरून गायीचे गर्भनिदान हा विषय महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी मोठा सोयीचा आहे. गाभण गायीच्या मूत्रात भिजवलेले गहू नीट अंकुरत नाहीत, न गाभण गायीच्या मूत्रात अधिक अंकुरतात, असे त्याचे तत्त्व. प्राचीन इजिप्तमध्ये स्त्रियांसाठी धान्याच्या अंकुरणावर आधारलेली परीक्षा सांगितलेली आहे. भारतीय संशोधकांनी तिचा गायींपर्यंत केलेला विस्तार १९९३ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. खर्च जवळजवळ शून्य, जनावराला सुई टोचावी लागत नाही, निकाल चार-पाच दिवसांत. स्पर्धेसाठी यापेक्षा चांगले काय हवे?

समजा, एखाद्या विद्यार्थिगटाने कृत्रिम रेतन केलेल्या १०० गायींवर ही चाचणी केली. नंतर पशुवैद्यकाने हाताने तपासून खात्री केली तेव्हा त्यांपैकी ४० गाभण निघाल्या. चाचणीने त्या ४० पैकी ३६ बरोबर ओळखल्या आणि न गाभण ६० पैकी ४८ बरोबर ओळखल्या, असे मानू. (हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.) भित्तिपत्रकावर 'अचूकता ८४ टक्के' असे ठळक अक्षरांत येईल आणि ते खोटेही नसेल. आता हाच निकाल गोठ्याच्या बाजूने पाहू. चाचणीने 'गाभण' ठरविलेल्या एकूण गायी ४८. त्यांपैकी १२ रिकाम्या. म्हणजे 'गाभण' हा शब्द ऐकून निश्चिंत झालेल्या दर चार पशुपालकांपैकी एकाची गाय भाकड राहणार. गायीचे ऋतुचक्र २१ दिवसांचे. चूक लक्षात येईपर्यंत एक, दोन किंवा अधिक चक्रे वाया जातात आणि तेवढ्या दिवसांची वैरण मात्र खर्ची पडते. उलट बाजूला, गाभण असून 'रिकाम्या' ठरलेल्या चार गायी आहेत. त्यांना माजावर आणण्यासाठी कोणी प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन दिले तर गर्भपात होईल. ८४ या एका आकड्यात या दोन्ही चुका मिसळून गेलेल्या असतात. म्हणून संवेदनक्षमता आणि विशिष्टता हे दोन आकडे निरनिराळे मागणे आणि प्रत्येक चुकीची किंमत कोण मोजतो हे विचारणे, एवढे तरी मार्गदर्शकाने करावयास हवे.

तुलना कशाशी केली हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. निष्णात पशुवैद्यक रेतनानंतर दोन महिन्यांच्या सुमारास हाताने निदान करू शकतो. ध्वनिलहरी यंत्राने ते महिन्याभरातही होते. नवी चाचणी त्याहून लवकर, स्वस्त किंवा सोपी असेल तर तिला अर्थ आहे. सहाव्या महिन्यातील गायीचे मूत्र घेऊन 'यशस्वी' ठरलेली चाचणी कोणाच्याही कामाची नाही, कारण तोवर पोट पाहूनच सर्वांना कळलेले असते.

नमुनासंख्येच्या बाबतीत एक चूक वारंवार घडते आणि ती संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाला चटकन कळेल अशी आहे. दहा गायींच्या चारही सडांचे दूध तपासून 'नमुने ४०' असे लिहिले जाते. एका गायीचे चार सड ही चार स्वतंत्र जनावरे नव्हेत. त्यांचा आहार, वय, वेत, गोठा आणि धार काढणारा हात एकच असतो. एका गोठ्यातील दहा गायींच्या बाबतीतही हेच थोड्या प्रमाणात खरे आहे. चाळीस नमुन्यांवर काढलेली सार्थकता मग कागदावरच राहते.

आता जात ओळखण्याच्या समस्येकडे वळू. महाराष्ट्रात खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, कोकण कपिला या गायींच्या आणि पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी या म्हशींच्या जाती आहेत. संगणकाला छायाचित्रे दाखवून जात ओळखावयास शिकविणे हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना साजेसा विषय होय. छायाचित्रे बहुधा जत्रा, प्रदर्शने आणि संशोधन केंद्रे येथून गोळा होतात. खिल्लारांची सर्व चित्रे बैलबाजाराच्या उघड्या माळावरची आणि डांगींची सर्व चित्रे पावसाळी हिरव्या डोंगरउतारावरची असतील, तर संगणक जनावराऐवजी माळ आणि डोंगर ओळखावयास शिकण्याचा संभव असतो. चाचणीची चित्रेही त्याच संग्रहातून घेतल्यास निकाल उत्तमच येतो. तेव्हा ज्या गावची छायाचित्रे शिकविताना वापरली नाहीत, त्या गावच्या जनावरांवर प्रणाली पडताळणे अत्यावश्यक ठरते.

त्याहून मूलभूत अडचण निराळी आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात गोवंशाची संख्या १९.२५ कोटी होती. त्यांपैकी सुमारे १४.२ कोटी जनावरे देशी व अवर्णित या गटात मोडत होती. अवर्णित म्हणजे कोणत्याही मान्य जातीची लक्षणे नसलेली, आपल्याकडील भाषेत 'गावठी' गाय. प्रणालीला 'यांपैकी कोणतीही जात नाही' असे उत्तर देता येत नसेल, तर ती प्रत्येक गावठी गायीला कोठल्या तरी जातीत बसवील. पशुगणनेत किंवा पैदास-धोरणात असे उत्तर शिरले तर त्याचे दुष्परिणाम वर्षानुवर्षे राहतील. परीक्षकाने संघाला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असावा असे वाटते.

प्राण्याची अनुमती कोण देणार ?

मानवी वैद्यकात रुग्ण संमती देतो किंवा नाकारतो. येथे संमती मालक देतो आणि सोसावे जनावराला लागते. म्हणूनच कायद्याने या दोघांखेरीज तिसऱ्याची देखरेख ठेवलेली आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा; त्याखालील प्रयोगविषयक नियम १९९८ चे. प्राण्यांवर प्रयोग करणारी संस्था नोंदणीकृत असावी लागते आणि प्रयोगाला संस्थात्मक प्राणी नैतिकता समितीची पूर्वमान्यता लागते. मोठ्या प्राण्यांवरील प्रस्ताव सर्वसाधारणपणे केंद्रीय समितीकडे जातात. पूर्वी 'सीपीसीएसईए' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही समिती आता 'सीसीएसईए' या नावाने काम करते. अधिनियमाच्या सतराव्या कलमातील काही तरतुदी शिक्षकांनी मुळातून वाचण्याजोग्या आहेत. पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी भागत असेल तेथे महाविद्यालयांनी प्रयोग टाळावा, आणि केवळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नये, असा त्यांचा आशय आहे. बेली यांची कृत्रिम गाय या दृष्टीनेही पाहता येते.

व्यवहारात घडते ते असे. स्पर्धेची तारीख जाहीर होते, विद्यार्थी ओळखीच्या गोठ्यात जातो, स्वतः तयार केलेला अर्क चार जनावरांना पाजतो किंवा लावतो आणि 'क्षेत्रीय चाचणी यशस्वी' असे लिहितो. यात दुहेरी दोष आहे. एक, मान्यता घेतलेली नाही. दुसरा, भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या तिसाव्या कलमानुसार पशुवैद्यकीय उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. अर्ज करताना मान्यतेचे पत्र न मागता केवळ सादरीकरणाच्या दिवशी 'नैतिक बाबींचा विचार केला का ?' असे विचारणाऱ्या आयोजकांकडेही यातील काही दोष जातो. तोवर जनावराच्या पोटात औषध गेलेले असते.

पशुवैद्यक नसलेल्या महाविद्यालयांना यातून एक चांगली वाट उपलब्ध आहे. एरवीच्या धारेचे दूध, जमिनीवर पडलेले शेण, मूत्र, अधिकृत कत्तलखान्यातून मिळणारे अवयव, दवाखान्यातील जुन्या नोंदी आणि छायाचित्रे यांवर होणारे काम जनावराला इजा न करता पुष्कळ काही सांगू शकते. वर उल्लेखिलेली कासदाह-चाचणी अशाच दुधावर उभी आहे. रसेल व बर्च यांनी १९५९ साली मांडलेली पर्याय, घट आणि परिष्करण ही त्रिसूत्री विद्यार्थ्याला पाठ असतेच. विषय निवडतानाच ती वापरली तर नंतर परवानग्यांसाठी धावावे लागत नाही.

स्वामित्वाचा पेच

प्रदर्शनात मांडलेली कल्पना जगजाहीर होते आणि मग तिचे पेटंट मिळणे दुरापास्त होते, हे अनेक विद्यार्थ्यांना पारितोषिक घेऊन परतल्यावर कळते. पेटंट अधिनियम, १९७० च्या एकतिसाव्या कलमात १२ महिन्यांची सवलत आहे; परंतु ती केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधाला आहे. प्रत्येक महाविद्यालयीन स्पर्धा त्यात बसेल असे समजून चालणे धोक्याचे होय. स्पर्धेपूर्वी तात्पुरते विनिर्देशपत्र दाखल करून ठेवले तर पूर्ण विनिर्देशपत्रासाठी १२ महिने मिळतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत असल्याने खर्चाची सबबही आता फारशी उरलेली नाही.

पशुविज्ञानासाठी मात्र याच अधिनियमातील तिसरे कलम अधिक मोलाचे आहे. त्यातील (आय) या खंडानुसार जनावरांना रोगमुक्त करण्याच्या किंवा त्यांचे वा त्यांच्या उत्पादनांचे आर्थिक मूल्य वाढविण्याच्या उपचारपद्धतींना पेटंट मिळत नाही. कासदाहावर उपचार करण्याची नवी रीत म्हणून पेटंटयोग्य नाही. त्यासाठीचे नवे उपकरण असू शकते. विद्यार्थ्याने दावा कशावर करावयाचा हे येथेच ठरते. (पी) हा खंड पारंपरिक ज्ञानाला वगळतो. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम यांचा कासेवरील लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने देशभर प्रचारात आणला आहे. तोच लेप थोडे प्रमाण बदलून 'नवसंशोधन' म्हणून स्पर्धेत आणणे कायद्याने निरर्थक आहे आणि विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणालाही ते शोभत नाही.

पारंपरिक ज्ञानाचा प्रश्न कायद्यापाशी संपत नाही. धनगर, गवळी, नंदीवाले अशा समाजांकडून झाडपाल्याची माहिती घेतली जाते आणि भित्तिपत्रकावर 'स्थानिक माहितगार' एवढाच त्यांचा उल्लेख उरतो. प्राध्यापक अनिल गुप्ता यांच्या 'हनी बी' परिवाराने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून याच्या उलट प्रथा पाळली: ज्ञान ज्याचे, नाव त्याचे, आणि जे लिहिले ते त्याच्या भाषेत त्याला परत द्यावयाचे. २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाच्या कामात जनावरांवरील लोकोपचारांचे संकलन हाही भाग आहे. स्पर्धेच्या अर्जात 'ही माहिती कोणाकडून मिळाली व त्यास निष्कर्ष कळविले काय ?' असा एक रकाना घातला, तर मेंढपाळाच्या तळावर विद्यार्थ्याला पुन्हा एकदा जावे लागेल, आणि ते चांगलेच होईल.

स्पर्धेचे वर्ष आणि जनावराचे वर्ष

सर्वांत अवघड प्रश्न कालगणनेचा आहे. शैक्षणिक वर्ष जून-जुलैत सुरू होते. राज्यस्तरीय संमेलन सामान्यतः डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येते. विद्यार्थ्याच्या हाती जेमतेम सहा महिने असतात. गाय मात्र सुमारे २८० दिवस आणि म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण राहते. मेंढ्यांतील रक्तपित्या जंतांचा कहर पावसाळ्यात असतो; त्या वेळी नवा संघ अजून विषय शोधत असतो. वैरणीच्या टंचाईवरचा उपाय उन्हाळ्यात तपासावा लागतो, तेव्हा परीक्षा चालू असतात. परिणामी सहा महिन्यांत बसेल असाच प्रश्न निवडला जातो: उपकरणाचा नमुना, अर्काचा काचपात्रातील परिणाम, भ्रमणध्वनीवरील उपयोजन. पुनरुत्पादन, पैदास, कळपाचे आरोग्य, चराऊ कुरणे हे पशुविज्ञानाचे गाभ्याचे विषय स्पर्धेच्या मंचावर क्वचित येतात, याचे कारण विद्यार्थ्यांच्या अनास्थेत शोधण्याऐवजी वेळापत्रकात शोधावे.

पशुवैद्यक पदवीचा अभ्यासक्रम एका वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. म्हणजे तिसऱ्या वर्षी सुरू केलेले काम आंतरवासितेपर्यंत नेण्यास अवकाश आहे. इतर शाखांत ही सोय कमी असल्याने तेथे एका तुकडीने पुढच्या तुकडीकडे काम सोपविण्याची पद्धत घालावी लागेल. पदवीनंतर पुढे जाऊ इच्छिणाऱ्यासाठी 'बायरॅक' या केंद्रीय संस्थेचे २०१२ पासूनचे प्रारंभिक अनुदान आहे. त्यात १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. पण त्या दारापर्यंत पोहोचताना हाती गोठ्यातील आकडे असावे लागतात. पारितोषिकाचे छायाचित्र तेथे चालत नाही.

आयोजकांना नियमावलीत दोन बदल फारसा खर्च न करता करता येतील. परीक्षक मंडळात विषयतज्ज्ञांबरोबर एक क्षेत्रीय पशुधन विकास अधिकारी आणि एक पशुपालक असावा. त्यांच्यापुढचे सादरीकरण मराठीत व्हावे, म्हणजे 'हे माझ्या म्हशीला कोण बांधणार ?' असा प्रश्न विचारला जाईल. दुसरा बदल असा की, गतवर्षी मांडलेला प्रकल्प पुढील वर्षी क्षेत्रीय निष्कर्षांसह पुन्हा मांडण्यास मुभा असावी आणि अशा प्रकल्पांसाठी स्वतंत्र गट असावा. त्या गटात अपयशाचे निष्कर्षही पात्र धरावेत. शंभर गायींवर पडताळून गव्हाची चाचणी आपल्या भागात विश्वासार्ह ठरत नाही, असे पुराव्यानिशी सांगणारा विद्यार्थी आला, तर त्यालाही त्या गटात प्रथम क्रमांक देण्याची तयारी नियमावलीतच नमूद असावी.